झुकिनी, दुधी, दोडका की घोसाळं? परसबागेत कोवळी फळभाजी निवडताना

बियाण्याच्या दुकानात हल्ली झुकिनीचं पाकीट दोडक्या-दुधीच्या शेजारीच टांगलेलं असतं. पाकिटावरचं फळ देखणं, झाड आटोपशीर, आणि मागच्या बाजूला छापलेलं असतं की पन्नासेक दिवसांत तोडणी. गच्चीवर चार कुंड्या किंवा घरामागे दोन वाफे असलेला माणूस तिथेच अडतो. नेहमीचा दोडका लावावा, की यंदा झुकिनी करून बघावी? सगळं लावण्याइतकी जागा आणि ऊन फार थोड्यांकडे असतं, त्यामुळे काहीतरी एक निवडावंच लागतं.

चारही भाज्या काकडीच्याच कुळातल्या. चारही कोवळ्या खायच्या, बी धरायच्या आत. पण त्यांची मुळं वेगवेगळ्या मुलखांतली आहेत आणि निवड करताना त्याचा उपयोग होतो. झुकिनी ज्या भोपळ्याच्या जातीची आहे, ती मेक्सिकोची. तिथल्या ओआहाका भागातल्या गिला नाकित्झ गुहेत त्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. आज आपण जिला झुकिनी म्हणतो, ती लांबट हिरवी भाजी पुढे इटलीत तयार झाली. दुधी मूळचा आफ्रिकेचा, पण भारतात इतक्या जुन्या काळापासून आहे की आता तो इथलाच. दोडका आणि घोसाळं तर आपल्याच भागातले. पावसात उभं राहणं, दमट हवेत पानं टिकवणं हे या दोघांच्या अंगातच आहे. झुकिनीला ते जमत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. वर्षातून एकच वेल लावायचा असेल आणि तो जूनमध्ये लावायचा असेल, तर डोळे झाकून घोसाळं लावा. झुकिनी लावायचीच असेल तर दसऱ्याच्या आसपास लावा, त्याआधी नको. दोडका आणि दुधी यांची निवड तुमच्याकडे मांडव किती मजबूत आहे यावर सोडा.

आधी महिना बघा

बहुतेक लोक आधी भाजी ठरवतात आणि मग ती कधी लावायची ते विचारतात. वेलवर्गात हे उलटं करायला हवं. झुकिनीला साधारण १८ ते ३० अंश सेल्सियस तापमान मानवतं. पुणे-नाशिककडे सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत पेरता येते, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगले. कोकणात पाऊस पूर्ण ओसरून हवा जरा कोरडी झाली की, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात. विदर्भात ऑक्टोबरातच पेरलेली बरी, कारण डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत रोप जागच्या जागी थांबतं.

एप्रिलमध्ये पारा ३८-४० वर गेला की झुकिनीला नरफुलंच नरफुलं येतात. मादीफुलं कमी, आणि जी येतात त्यांतली बरीच पिवळी पडून गळतात. लोकांना वाटतं खत कमी पडलं, म्हणून ते आणखी खत घालतात, आणि जास्तीच्या नत्राने झाड नुसतं पानांवर जातं. इथे दोष उन्हाचा आहे, खताने तो भरून निघत नाही.

दुधी आणि दोडका यांचे आपल्याकडे दोन हंगाम ठरलेले आहेत: जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत उन्हाळी, आणि जून-जुलैत पावसाळी. घोसाळंही दोन्ही वेळा येतं, पण त्याचा खरा जोर पावसाळ्यात. मृगाचा पाऊस पडला की परसात, गोठ्याच्या कडेला, विहिरीजवळ वेलांचं बी टोचायची पद्धत गावोगाव आहे आणि तिच्यामागे पिढ्यांचं निरीक्षण आहे. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. घोसाळ्याचे काही गावठी वाण जून-जुलैत नुसते वाढत राहतात, दिवस लहान व्हायला लागले की मगच भरभरून फुलतात. श्रावणात वेलावर एकही फळ नाही म्हणून उपटून टाकलेलं घोसाळं भाद्रपदात फळांनी लगडलं असतं. सुधारित वाण इतका वेळ लावत नाहीत.

म्हणजे तुम्ही हे मे-जूनमध्ये वाचत असाल तर झुकिनी आपोआप बाद, आणि ऑक्टोबरात वाचत असाल तर तीच सगळ्यात पुढे. हिवाळ्यात दोडका-दुधीची वाढ मंदावते आणि बाजारात ते महागतात. झुकिनीची जागा नेमकी त्या महिन्यांत आहे. म्हणून या दोघी-तिघांत मला खरी स्पर्धा दिसतच नाही. एकाच वाफ्यात पावसाळ्यात घोसाळं आणि हिवाळ्यात झुकिनी असं चक्र व्यवस्थित बसतं. फक्त सारख्या कुळातलं पीक त्याच मातीत लागोपाठ घ्यायचं, तर मधे माती चांगली तापवून घ्या आणि नवं शेणखत मिसळा.

पसरणारं झाड आणि चढणारा वेल

झुकिनी वेलासारखी धावत नाही, झुडपासारखी एका जागी वाढते. त्यामुळे ती कमी जागेत होते असा समज आहे. तो अर्धाच खरा. तिला उंची लागत नाही, मांडव लागत नाही, पण जमिनीवर तिचा घेर सहज तीन फूट होतो. पानं मोठी, देठ जाड आणि काटेरी. अरुंद गॅलरीत ती येण्याजाण्याच्या वाटेत येते. कुंडीतच लावायची तर १८ इंचाच्या ग्रो बॅगपेक्षा लहान नको आणि एका बॅगेत एकच रोप. शिवाय झाडं किमान दोन हवीत, कारण एकाच रोपावर नर आणि मादी फूल एकाच सकाळी उमलेलच असं नाही. दोन रोपं म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद जागा आणि किमान सहा तास थेट ऊन. एवढं नसेल तर हा नाद सोडा.

दोडक्याचं आणि घोसाळ्याचं गणित उभं आहे. खाली दीड फुटाची जागा पुरते, पण वर जायला आधार हवा. गॅलरीच्या गजांना नायलॉनची जाळी बांधून किंवा बांबू आणि सुतळीची ताटी करून दोन्ही उत्तम येतात. फळ लोंबकळत वाढलं की सरळ होतं. जमिनीवर टेकलं की वाकडं होतं, खालून पिवळं पडतं, कुजतं. घोसाळं तर बाभळीवर, कुंपणावर, नारळाला टेकवलेल्या काठीवरसुद्धा चढून जातं. ज्यांना मांडव बांधायची हौस नाही पण एखादी जुनी भिंत किंवा कुंपण आहे, त्यांच्यासाठी यासारखी भाजी नाही.

दुधीला मात्र खरा मांडव लागतो. साडेसहा फुटांच्या आसपास उंच, चांगल्या खांबांचा, वरून तारांचा. पावसाने भिजलेल्या पानांचं वजन आणि त्यात चार-पाच फळं एकदम लटकलेली, म्हणजे नुसती सुतळी टिकत नाही. अपार्टमेंटच्या गॅलरीत मी दुधी लावायला कोणाला सांगणार नाही. गच्चीवर लोखंडी सांगाडा असेल तर जरूर लावा. त्यातही ‘पुसा नवीन’सारखा आटोपशीर, सरळ फळाचा वाण घ्या. राहुरीच्या विद्यापीठाचा ‘सम्राट’ मोकळ्या जागेसाठी चांगला.

दुधीच्या बाबतीत छाटणीचा फायदा खरा आहे. मुख्य वेलावर बहुतेक नरफुलं येतात. त्यातून फुटलेल्या फांद्यांवर मादीफुलं वाढतात आणि त्या फांद्यांच्या फांद्यांवर आणखी. म्हणून वेल मांडवाला पोचला की शेंडा खुडायचा, बाजूच्या फांद्यांवर दहा-बारा पानं झाली की त्यांचेही शेंडे खुडायचे. लोक याला थ्रीजी कटिंग म्हणतात. हाच प्रयोग काही जण झुकिनीवर करतात, तो करू नका. तिची मादीफुलं मुख्य खोडावरच, पानांच्या बगलेत येतात. शेंडा खुडला की झाड संपलं. तिची फक्त खालची, मातीला टेकलेली जुनी पानं देठापासून कापायची.

फूल कधी उमलतं ते विचारा

निवड करताना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि शहरातल्या बागेत फळ धरणं न धरणं पुष्कळदा यावरच ठरतं.

झुकिनीचं मोठं केशरी-पिवळं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की, साधारण दहाच्या सुमारास, मिटायला लागतं. एकदा मिटलेलं मादीफूल पुन्हा उघडत नाही. घोसाळ्याचं फूलही सकाळचंच, पहाटेपासून उमलणारं आणि दिवसभर बरंचसं टिकणारं. दोडक्याचं फूल मात्र संध्याकाळचं. पाच-सहाच्या सुमारास पिवळी फुलं उघडू लागतात, दिवेलागणीला सगळा वेल फुललेला असतो. दुधीचं पांढरं फूलही तिन्हीसांजेचं, रात्री पतंगांसाठी उघडं राहणारं.

खाली बाग असेल, आसपास झाडी असेल, तर मधमाश्या आणि पतंग हे काम करतात आणि तुम्हाला काही बघावं लागत नाही. पण सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत मधमाशी येईलच याचा भरवसा नाही. तिथे परागीभवन हातानेच करावं लागतं. मग स्वतःला विचारा की तुम्ही घरी कधी असता. सकाळी आठ वाजता घर सोडणाऱ्या आणि त्याआधी डबे भरणाऱ्या माणसाला झुकिनीची फुलं गाठणं कठीण जातं. त्याच माणसाला संध्याकाळी सात वाजता दोडका नाहीतर दुधी सहज जमतो.

हाताने करायचं ते असं. मादीफुलाच्या मागे बोटाएवढं इवलंसं फळ असतं, नरफूल नुसत्या बारीक देठावर असतं. ताजं उमललेलं नरफूल खुडायचं, पाकळ्या मागे वळवून किंवा काढून टाकून मधला परागांचा दांडा मोकळा करायचा. बोट लावून बघा, पिवळी पूड बोटाला लागली तर पराग तयार आहेत. हा दांडा मादीफुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने सगळीकडून टेकवायचा. झुकिनीत हा भाग चांगला मोठा आणि अनेक पाळ्यांचा असतो, त्यामुळे नवख्यालाही सोपं जातं. सगळ्या पाळ्यांना पराग लागले नाहीत तर फळ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला सुकलेलं होतं. फळ धरलं की दोन दिवसांत मागचं इवलं फळ ताठ होऊन चमकायला लागतं. नाही धरलं तर पिवळं पडून बोट लावताच गळतं.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसती नरफुलं येतात, हे चारही भाज्यांत होतं. घाबरायचं कारण नाही. झुकिनीची आणि लाल भोपळ्याची ती फुलं वाया घालवू नका, डाळीच्या पिठात बुडवून त्यांची भजी फार चवदार होतात. काही विदेशी संकरित झुकिनी परागीभवनाशिवायही फळ धरतात. उंच मजल्यावर राहणाऱ्यांनी पाकिटावर तसं लिहिलं आहे का ते शोधावं.

कोणावर काय पडतं

रोप दोन पानांचं असतानाच तांबडे भुंगे येतात. त्यांना झुकिनी, काकडी, भोपळा यांची कोवळी पानं फार आवडतात, एका दिवसात ते पानाची चाळण करतात. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे. पहिले पंधरा दिवस रोपावर मच्छरदाणीच्या कापडाची टोपी घातली तर हा प्रश्नच मिटतो. फूल यायच्या आत मात्र ती काढायला विसरू नका.

भुरी हा झुकिनीचा ठरलेला रोग. पानांवर पांढरी पूड पसरते, पान वाळतं. पण आधी नीट बघा. झुकिनीच्या पुष्कळ वाणांत पानांच्या शिरांलगत चंदेरी-पांढुरके ठिपके जन्मतःच असतात. बोटाने घासलं आणि पांढरं निघालं तर भुरी, नाही निघालं तर तो पानाचा रंग. ज्यांना हे माहीत नाही ते निरोगी झाडावर फवारण्या करत बसतात. भुरीवर गंधक वापरायची सवय द्राक्ष-आंब्यावरून आपल्याकडे आहे, पण वेलवर्गाची पानं गंधकाने करपतात, तेव्हा इथे ते नको. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात फवारलं तर सुरुवातीची भुरी आटोक्यात राहते. ब्राझीलमध्ये झुकिनीवरच दुधाचे असे प्रयोग झाले आणि ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग पूर्ण पसरल्यावर मात्र दूध काही करू शकत नाही.

पांढरी माशी आणि मावा यांच्यामार्फत झुकिनीला मोझॅक होतो. पानं अरुंद, फोडाफोडांची होतात, फळावर गाठी येतात. यावर औषध नाही. ते रोप त्याच दिवशी उपटून बागेबाहेर टाकायचं. मऊ मनाने आठवडाभर थांबलात तर शेजारचंही जातं.

दोडक्या-घोसाळ्याला पावसाळ्यात केवडा नावाचा रोग होतो. पानावर शिरांनी आखल्यासारखे कोनेदार पिवळे डाग पडतात. खालची डागाळलेली पानं काढून वारा खेळता ठेवला तर घोसाळं त्याच्यावर मात करून पुढे जातं, कारण त्याची वाढच तेवढी जोमदार आहे. दोडका थोडा नाजूक. झुकिनी याच हवेत पंधरवड्यात आडवी होते.

फळमाशीपासून चौघांपैकी कोणीच सुटत नाही. कोवळ्या फळावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं, त्यावर डिंकासारखा पिवळसर थेंब सुकलेला असतो. तिथे फळ वाकतं, आत अळ्या. असं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग टाका. सापळा लावणार असाल तर वेलवर्गासाठी क्यू-ल्युर नावाच्या आमिषाचा लागतो. आंबा-पेरूसाठी मिळतो तो मिथाइल युजेनॉलचा असतो आणि वेलांवरची माशी त्याकडे फिरकत नाही. दुकानदार पुष्कळदा हातात येईल तो देतो, म्हणून नाव सांगूनच मागा. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे घरच्या बागेत सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे फळ धरलं की त्याला पातळ कापडाची किंवा कागदाची पिशवी चढवणं. दुधीला फळं मोजकी, तिथे हे सोपं. दोडक्याला थोडं जिकिरीचं. झुकिनी हिवाळ्यात घेतली तर थंडीत माशी कमी असते, हा तिचा एक मोठा फायदा.

पाण्याचं एवढंच सांगते, की झुकिनीला एक दिवस भरपूर आणि दोन दिवस कोरडं असं चालत नाही. फळाचं फुलाकडचं टोक काळं पडून कुजतं. कुंडीत हे फार होतं. मातीवर वाळक्या पानांचं आच्छादन घाला आणि पाणी रोज, पण मुळाशीच द्या.

तोडणी आणि ताट

झुकिनीचं फूल उमलल्यापासून चार-सहा दिवसांत फळ वीतभर होतं आणि तेव्हाच ते तोडायचं. शनिवार-रविवार गावाला गेलात तर परत येईपर्यंत त्याचा सोटा झालेला असतो. मोठं फळ झाडावर राहिलं की नवीन फळं धरणं मंदावतं. दोन रोपं नीट चालली तर दोन-अडीच महिने चौघांच्या घराला आठवड्यातून दोन-तीनदा पुरेशी भाजी मिळते, आणि मग झाड थकतं. दुधीला मुभा जास्त. अंगावर बारीक लव आहे आणि नख सहज रुततं तोवर चार दिवस इकडेतिकडे चालतात. दोडका आणि घोसाळं फूल उमलल्यापासून साधारण आठवडा-दहा दिवसांत काढायचं. उशीर झाला की आत जाळी धरते आणि मग ते खाण्यात येत नाही.

चवीचं मोकळेपणाने सांगायचं तर झुकिनीला स्वतःची चव फिकट असते. तिचं भलं तव्यावर मोठ्या आचेवर परतण्यात, किसून थालीपिठात घालण्यात, किंवा पीठ पेरून कोरडी भाजी करण्यात आहे. आपल्या पद्धतीने झाकण ठेवून शिजवली की पाणी सुटून तिचा लगदा होतो. घरात पास्ता, सूप, सॅलड आवडीने खाणारी मुलं असतील तर बाजारातल्या झुकिनीपेक्षा घरची कोवळी, साल-बियांसकट खाता येणारी कितीतरी सरस.

पण रोजच्या जेवणात घोसाळं तिच्या पुढे आहे. चकत्या करून डाळीच्या पिठातली भजी, जी खानदेशात गिलक्याची म्हणून प्रत्येक पंगतीत असतात. निखाऱ्यावर नाहीतर गॅसवर भाजून, सोलून, दही आणि हिरव्या मिरचीचं भरीत. मऊपणा झुकिनीचाच, पण चवीला थोडी गोडसर मातकट खोली आहे. ज्याला झुकिनी आवडते त्याला घोसाळं आवडणारच, असं मी खात्रीने सांगते. दोडक्याचा मान वेगळा. मुगाची डाळ किंवा दाण्याचं कूट घालून भाजी, आणि सोललेल्या शिरांची तीळ-खोबरं-लसूण घालून कुरकुरीत चटणी. एका फळातून दोन पदार्थ देणारी ही एकच. दुधी म्हणजे चणाडाळीची भाजी, मुठिया, हलवा, आणि आजारी माणसाच्या ताटातली हलकी भाजी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरात असतील तर दुधीला पर्याय नाही.

चौकटीबाहेरचं एक नाव विदर्भासाठी: ढेमसं. फेब्रुवारीत पेरावं, मांडव नको, वाफ्यातच पसरतं, आणि इतर वेल ज्या उन्हात माना टाकतात त्यात फळं देतं. लवदार, लिंबापेक्षा थोडं मोठं असताना तोडून मसाला भरून केलेली भाजी नागपूरच्या घरांत उन्हाळाभर असते. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या माणसाने उन्हाळ्यासाठी झुकिनीचा विचारही करू नये, ढेमसंच लावावं.

परदेशात राहणाऱ्यांचं गणित उलटं होतं. न्यू जर्सी किंवा इंग्लंडमधला उन्हाळा झुकिनीला तंतोतंत मानवतो, तिथे ती बी टाकताच येते. दोडका-घोसाळ्याला मात्र तिथे दोन अडचणी. मोसम लहान, आणि जून-जुलैचे दिवस फार लांब, त्यामुळे फुलं उशिरा येतात आणि फळ वाढायच्या आत थंडी गाठते. न्यू जर्सीत एप्रिलमध्ये घरातच कुंडीत रोपं करून मेच्या मध्यानंतर, गारठा गेल्यावर बाहेर लावली तर ऑगस्ट-सप्टेंबरात दोडका मिळतो. इंग्लंडमध्ये काचघराशिवाय हा खटाटोप करू नये. अमेरिकेच्या पूर्व भागात झुकिनीच्या खोडात शिरणारी एक अळी आहे, जी उभं झाड एका दिवसात कोमेजवते. ती दुधीला फारशी लागत नाही. तिथे झुकिनीसोबत दुधीचा एक वेल असावा.

बी घेताना आणि धरताना

दोडक्यात दापोलीचा ‘कोकण हरिता’ कोकणासाठी आणि राहुरीचा ‘फुले सुचेता’ देशावर, घोसाळ्यात ‘पुसा चिकनी’, झुकिनीत ‘ऑस्ट्रेलियन ग्रीन’ ही सरळ वाणांची नावं आहेत. घरी बी धरायचं असेल तर हीच घ्या. संकरित बियाण्याचं फळ जास्त आणि एकसारखं येतं, पण त्याचं बी पुढच्या वर्षी तसंच निघत नाही. दुधी, दोडका, घोसाळं यांचं बी टणक असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलं की लवकर रुजतं. झुकिनीला हे लागत नाही, इंचभर खोल टोचलं की आठवडाभरात वर येते.

झुकिनीचं बी घरी धरायचं तर एक धोका लक्षात ठेवा. शोभेचे छोटे रंगीत भोपळे त्याच जातीचे असतात आणि मधमाशी त्यांचे पराग आणते. अशा संकराच्या बियांतून पुढच्या वर्षी कडूजहर फळ निघू शकतं, आणि हा कडूपणा खरोखरच विषारी असतो. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. दुधीच्या कडू रसाने आपल्याकडेही मृत्यू झाले आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही. म्हणून घरची असो की बाजारची, झुकिनी आणि दुधी चिरताना आधी टोकाचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाका, मीठ लावून किंवा पाणी काढून ते वाचवू नका.

घोसाळ्याचं बी धरणं सगळ्यात सोपं. वेलावरचं एक चांगलं, सरळ फळ ठेवून द्यायचं आणि त्याला हात लावायचा नाही. दोडका जवळ असेल तर त्या फळाच्या मादीफुलाला उमलायच्या आदल्या संध्याकाळी कागदी पिशवी बांधा आणि सकाळी स्वतःच घोसाळ्याचेच पराग लावा, कारण या दोघांचा एकमेकांशी संकर होऊ शकतो. फळ वेलावरच तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळलं की काढा, खालचं टोक मोडून काळं बी झटकून घ्या आणि राखेत घोळवून डब्यात ठेवा. उरलेली जाळी आंघोळीला अंग घासायला होते.